उजेडाकडे तोंड करून बस

२० जुलै, रविवार

उन्नतीचा पुण्याहून फोन. दर रविवारी असतो तसाच, पण आज माझ्याशी धड बोलायच्या आधीच "बाबांना स्पीकरवर घे" म्हणाली, तेव्हाच ओळखलं की लेकीच्या डोक्यात काहीतरी खूळ शिरलंय. तिच्या ऑफिसात कोणीतरी डोक्याला बांधायचा एक डबा आणलाय. व्हीआर हेडसेट. पूर्वी म्हणे त्याला शेजारी मोठा कॉम्प्युटर लागायचा, वायरींचं जंजाळ लागायचं. आता नुसता डबाच पुरतो, सगळं त्याच्याच पोटात. शिवाय स्वस्त झालाय. स्वस्त म्हणजे किती, तर आपल्या फ्रिजच्या भावात! काय बाई ही स्वस्ताई.

पण मुद्दा वेगळाच होता. तिच्या मैत्रिणीच्या आजोबांची नजर ह्यांच्यासारखीच गेलेली, अगदी मधोमध. तो डबा म्हणे आपल्या कॅमेऱ्यातून समोरचं सगळं मोठं करून डोळ्यांपुढे धरतो. आजोबांनी पेपरचे मथळे वाचले.

"बाबा, तुम्हाला माणसांचे चेहरे दिसतील कदाचित," उन्नती म्हणाली.

मीच म्हटलं, नको. डोकं दुखतं त्याने, मळमळतं, मान अवघडते, चार दिवस कौतुक आणि मग माळ्यावर. घरात योगासनांची चटई आहे, ज्यूसरही आहे, विचार त्यांना.

"राहू दे, आई म्हणतेय तर," हे म्हणाले.

तीन वर्षं झाली. डोळ्यांच्या पडद्याच्या मधोमध डाग. ह्यांना कडेकडेचं दिसतं. दार, खुर्ची, येणारी रिक्षा, माझ्या साडीचा रंग एवढं कळतं. पण ज्याच्याकडे बघायला जावं तिथे धुक्याचा गोळा. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. डॉक्टरांनी सांगून टाकलंय, आणखी काही करण्यासारखं नाही.

नको म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. का पडला ते मला माहीत आहे. आज लिहायचं नाही.

२३ जुलै, बुधवार

कार्मिन येऊन गेली. शाळेच्या ऑफिसात आम्ही दोघी शेजारी बसायचो, मी फी घ्यायची आणि ती दाखले लिहायची. अजून तीनचार महिन्यांनी एकदा भुईगावहून येते, वाडीतली केळी आणि अळूची पानं घेऊन. दार उघडलं तर पिशवी खाली ठेवायच्या आत ओरडली, "आशा, काय गं हे! अर्धी झालीस की! गालफडं बघ कशी बसलीत."

मी तोंडावर बोट ठेवलं. हॉलमध्ये हे बसलेले. पण ह्या बाईला खाणाखुणा कधी कळल्यात?

"आणि डोळे कशाला वटारतेस माझ्यावर?" म्हणाली.

मी वटारले नव्हते. अजिबात नव्हते.

ती गेल्यावर हे म्हणाले, "अर्धी म्हणजे?"

"चालायला जाते मी रोज."

"कधी?"

"तुम्ही झोपलेले असता तेव्हा."

हे किती झोपतात ते मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे.

आता लिहूनच टाकते, नाहीतर ही वही कशाला. दिवाळीपासून वजन उतरतंय. जेवते तर दुप्पट, तरी उतरतंय. पंख्याखाली बसूनही घाम. छातीत मध्येच धडधड, जिना चढल्यासारखी, आणि मी बसलेली असते पोळ्या लाटायच्या आधी कणकेसमोर. गळ्याखाली जरा भरल्यासारखं लागतं. आमच्या शैलाताईचंही वजन असंच उतरलं होतं. सगळ्या म्हणायच्या, छान बारीक झालीस. मग ती तपासायला गेली. तपासण्या, सुया, पिशवीभर रिपोर्ट, आणि शिवरात्रीपर्यंत ताई नव्हती. लोक म्हणतात डॉक्टरकडे उशिरा गेली. मला वाटतं तपासायला गेली म्हणूनच ती गेली. हे वेड्यासारखं आहे हे कळतं मला. पण वाटायचं थांबत नाही.

आणि मला काही निघालं तर ह्यांचं कोण बघणार? गॅस चालू आहे की बंद ते ह्यांना वासावरून कळतं. उन्नतीने नोकरी सोडून इथे यायचं? म्हणून मी ठरवलंय, कोणाला सांगायचं नाही. बाहेरच्यांपुढे पदर असतो. घरात ज्याला दिसलं असतं त्याला माझा चेहरा तीन वर्षांत दिसलेला नाही. तो डबा ह्या घरात आला तर दिसेल. एवढीच गोष्ट आहे.

आणि संध्याकाळी काय व्हावं? ह्यांनी स्वतः उन्नतीला फोन लावला. "घे म्हणतो तो डबा." मी चहा गाळत होते तो बशीत सांडला. रविवारी राहू दे म्हणणारा माणूस, बुधवारी एकाएकी काय झालं ह्यांना?

मग लक्षात आलं. गणपती जवळ आले. काळूरामच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतींच्या डोळ्यांची आखणी सुरू होईल, जी पूर्वी हे करायचे. ती ओढ असणार, दुसरं काय.

२९ जुलै, नागपंचमी

पुरणाच्या दिंडांची घडी घालताना हात थरथरला. तीन फुटली. "आज दिंडं फार मऊ झालीत," हे म्हणाले. फुटलेली मी खाल्ली.

गेले चार दिवस फोनवर एकच उद्योग, त्या डब्याबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वाचायचं. बॅटरी जेमतेम दोन तास. पुढून जड, गालाची हाडं दुखतात. चष्मा असेल तर आणखी पंचाईत. अंधुक उजेडात चित्र मुंग्या आल्यासारखं दिसतं. एकाने लिहिलंय, महिनाभर वापरला आणि आता मांजर त्याच्या खोक्यात झोपतं. ज्यांनी चांगलं लिहिलंय ते मी वाचलं नाही. सगळं उन्नतीला पाठवलं.

तिचं उत्तर आलं, "आई, नाही पटला तर मुदतीत परत देता येतो. तू एवढी का विरोधात?"

मी लिहिलं, पैसे काय झाडाला लागतात? तिने हसरं तोंड पाठवलं.

२ ऑगस्ट, शनिवार

आला एकदाचा. उन्नती स्वतः घेऊन आली, रात्रीच्या गाडीने परत जायचं ठरवून. पांढराशुभ्र, पुढून घोड्याच्या तोंडासारखा फुगीर. आधी त्याला वायफाय पाहिजे, मग खातं पाहिजे, मग पासवर्ड पाहिजे. आमच्या लग्नाला एवढ्या चौकशा झाल्या नव्हत्या. मग म्हणे जमिनीवर रेघ आखून दाखवा, कुठपर्यंत चालायचं ते. ती रेघ फक्त डब्याच्या आत दिसते. ह्यांनी डब्याबरोबर आलेली दांडी हातात धरून हॉलभर असा काटकोनी चौकोन आखला की उन्नती म्हणाली, बाबा, लोक बटाट्यासारखी आखतात! मास्तर खूश.

पहिल्यांदा तिने समुद्राखालचं काहीतरी लावलं. ह्यांनी इकडेतिकडे मान फिरवली आणि म्हणाले, "हे मासेबिसे काढ. मला माझं घर दाखव."

मग तिने ते कॅमेऱ्याचं लावलं, मोठं करून. हे कॅलेंडरपाशी गेले आणि वाचलं, "पुत्रदा एकादशी, पाच तारीख." मग उन्नतीसमोर उभे राहून म्हणाले, "कान दुसऱ्यांदा कधी टोचलास गं?" ती त्यांच्या गळ्यात पडून रडली, डबा मध्ये आला तरी.

आणि मी? मी स्वयंपाकघरात. पोरीचा बाप तीन वर्षांनी तिचं तोंड बघतोय आणि आई ओट्यापाशी पाठ करून उभी, कारण म्हणे कुकर होतोय. शिट्ट्या केव्हाच झाल्या होत्या.

"आशा, ये की इकडे."

"माझे केस विस्कटलेत. तेल लावलंय."

"आई, तू पण ना," उन्नती म्हणाली. तिला लाजणं वाटलं. वाटू दे. लेकीने माझ्याकडेही जरा निरखून बघितलं, म्हणाली बारीक झालीस, छान दिसतेस. ताईलाही असंच म्हणायच्या.

५ ऑगस्ट, मंगळवार

उन्नती शनिवारीच गेली. आता आम्ही दोघं आणि तो डबा.

माझी एक पद्धत बसलीय. हे डबा चढवू लागले, पट्ट्याचा करकर आवाज आला, की मी गच्चीत कपडे वाळत घालायला. कपडे नसले तर खाली भाजीला. संध्याकाळी हॉलची ट्यूब लावत नाही, वीजबिलाचं कारण सांगते. अंधुक उजेडात त्याला मुंग्या येतात ना. सकाळी मुद्दाम चार्जिंगला लावायला विसरले. ह्यांनी चढवला तर बंद.

"विसरलीस?" म्हणाले.

"मला काय तेवढं एकच काम आहे?" मी अंगावर गेले. हे हसले नाहीत की चिडले नाहीत. स्वतः चाचपडत वायर शोधली, भोक सापडेना, बोटांनी चाचपून चाचपून शेवटी लावली. मी बघत उभी. लाज वाटली, मदत केली नाही.

दुपारी विचारलं, "तुझ्या बांगड्या बदलल्यास का?"

"का?"

"आवाज बदललाय."

जुन्या कोपरापर्यंत चढायला लागल्या म्हणून लहान मापाच्या भरल्या. म्हटलं, फॅशन. हे म्हणाले, बरं. ह्या माणसाला घरात बसून बसून कानांचंच काम उरलंय. आणखी काही नसेल.

८ ऑगस्ट, शुक्रवार

काळूरामचा कारखाना. गोखिवऱ्याला त्याच्या घरामागच्या शेडमध्ये. शाडूचा वास, रंगाचा वास, फळ्यांवर ओळीने बसलेले गणपती, सगळे अजून डोळ्यांविना. शाळा सुटल्यावर हे इथे यायचे, जुलै-ऑगस्टचे सगळे दिवस. बाकीचा रंग कोणीही मारो, डोळे सदानंद मास्तरांनी आखायचे असा काळूरामचा शिरस्ता. नजर गेली तेव्हापासून ते काम त्याची सून जागृती करते.

"मास्तर!" काळूराम उठून आला. "यंदा तुमीच आखनी करा. तुमच्या हाताचं डोलं लोकं अजून इचारतात."

ह्यांनी डबा चढवला तसे शेडमधले सगळे भोवती जमले. काळूराम म्हणाला, "आयला, मास्तर, तुमी त इमान चालवनार!" हे हसले. एक एक मूर्ती बघत गेले, नाक जवळजवळ टेकवून. सातआठ मूर्तींनंतर थांबले.

"जागृती, ह्याची वरची पापणी बघ. बुबुळाच्या वर पांढरं राहिलंय."

"कुठं सर? थोडंसंच तर आहे."

"थोडंच पुरतं. वरच्या पापणीने बुबुळाचा माथा झाकला पाहिजे. वर पांढरं दिसलं की देव घाबरल्यासारखा दिसतो, नाहीतर रागावल्यासारखा. आपल्या घरी आलेला देव असा बघेल का?"

जागृतीने बारीक कुंचल्याने पापणी किंचित खाली घेतली. खरंच, मूर्ती शांत झाली. मला दरवर्षी नवल वाटतं ह्याचं.

मग ह्यांनी स्वतः कुंचला घेतला. फुटक्या मूर्तीचा तुकडा दिला होता सरावाला. आणि तिथेच घोडं अडलं. डब्यात जे दिसतं ते हातापेक्षा किंचित मागून येतं, जवळचं जरा वाकडंही होतं. कुंचल्याचं टोक हे बघतात तिथे नसायचंच. एक रेघ, दुसरी, तिसरी. पापणी गालावर गेली. ह्यांनी कुंचला पाण्यात धुतला, नीट पुसला आणि जागृतीच्या हातात दिला.

"तूच कर गं," म्हणाले. "मी बघून देत जाईन."

"मंग रोज येवा," काळूराम म्हणाला. "नुसतं बसा नि बघा."

मला वाटलं, रिक्षात बसल्यावर रडतील. सगळी आशा ह्याच्यावरच होती ना. पण हे डबा न काढताच रिक्षात बसले. सिग्नलला लोक बोट दाखवून हसत होते आणि हे माझ्याकडे वळून म्हणाले, "आशा, उजेडाकडे तोंड करून बस ना जरा."

मी रस्त्याकडे बघत राहिले. म्हटलं, काढा ते आधी, लोक हसतायत. एवढं मोठं दुःख झालेलं, आणि ह्यांना काय सुचतं कोण जाणे.

१० ऑगस्ट, रविवार

आज मीच विषय काढला. आखणी जमली नाही ना, मग कशाला ठेवायचा? मुदत आहे तोवर परत करू. उन्नतीलाही फोनवर तेच पटलं. म्हणाली, मुख्य काम होत नसेल तर खरंच नको, पुढच्या वर्षी आणखी चांगला येईल. हे म्हणाले, "राहू दे चार दिवस." मी म्हटलं, चार दिवसांनी मुदत जाईल. कॅलेंडर वाचायला फ्रिजएवढे पैसे? मान धरते, घाम येतो, गालावर वळ उठतात. तोंडाचा पट्टा असा चालवला की हे शेवटी म्हणाले, "कर तुला काय करायचं ते."

उन्नतीने बुधवारी सकाळी माणूस न्यायला येईल असं ठरवून दिलं.

मी शिरा केला. ह्यांना वाटलं समजूत काढायला केला. मी आनंदाने केला होता. वाटीभर साजूक तूप घातलं, आणि खाताना मनात आलं. जो माणूस तीन वर्षांनी कॅलेंडर वाचतो त्याच्या हातातून मी ते काढून घेतलं, आणि त्याचा मला आनंद झाला. असली कसली मी बायको?

१३ ऑगस्ट, बुधवार

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी खोकं काढून टेबलावर ठेवलं. पट्टे गुंडाळले, दांड्या त्यांच्या त्यांच्या खाचेत. डबा तेवढा बाहेर. हे खुर्चीत बसून ऐकत होते. म्हणाले, "तो दे. एकदाच."

"माणूस येईल आता."

"येऊ दे. सगळं घर बघून झालं. काळूराम बघितला, उन्नती बघितली, खालचा वॉचमनसुद्धा बघितला. एक तूच राहिलीस. बस खिडकीपाशी."

"माझं पीठ मळायचं राहिलंय."

"आशा." एवढंच. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला म्हणायचे तसं, आवाज न चढवता. "तू पळतेस. पहिल्या दिवसापासून पळतेस. मला दिसत नाही, पण ऐकू येतं."

मी खिडकीतल्या खुर्चीत बसले. काय करणार होते? पदर गळ्याभोवती घट्ट घेतला. ह्यांनी डबा चढवला, स्टूल ओढून समोर बसले. ते पांढरं घोड्याचं तोंड माझ्यापासून वीतभर. त्यांचे डोळे मला दिसत नव्हते, माझे त्यांना दिसत होते. आमच्यात असं उलटं कधी झालं नव्हतं.

"हनुवटी खाली. सरळ बघ माझ्याकडे."

बघितलं. मला वाटलं म्हणतील म्हातारी झालीस, केस पांढरे झाले. त्याला उत्तर तयार होतं माझ्याकडे.

"बुबुळाच्या वर पांढरं दिसतंय," हे म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. उजव्यात जास्त."

मी पदर आणखी आवळला.

"हे तुझे डोळे नाहीत, आशा. तुझी पापणी जरा झुकलेली होती, निवांत. कितीतरी मूर्तींना मी तीच दिलीय, तुला न सांगता. ही वर गेलीय. कधीपासून?"

"वय झालं आता," मी म्हटलं.

"वयाने पापणी खाली येते. वर जात नाही."

तिथे माझं सगळं संपलं. ह्यांनी हात पुढे करून पदर बाजूला केला आणि गळ्याला बोटं लावली. मग गालाला, मनगटाला. बांगड्या वर सरकवून बघितल्या. मी सांगितलं सगळं. शैलाताई, वजन, धडधड, कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं ते. हे पण सांगितलं, की मला काही झालं तर तुमचं कसं होईल म्हणून.

हे चिडले. गेल्या कित्येक वर्षांत मी त्यांना असं चिडलेलं बघितलं नव्हतं. डबा काढून पलंगावर भिरकावला. "नजर गेली म्हणून मी काय घरातला सोफा झालो? तू खंगत जाशील आणि मी शेजारी बसून जेवत राहीन? कार्मिनने सांगितलं तेव्हापासून मी रोज कान देऊन ऐकतोय, तुझा श्वास, तुझे पाय. विचारलं तर खोटं सांगतेस. म्हणून घेतला तो. आखणीचं खूळ माझं नव्हतं, तुझं आणि काळूरामचं होतं."

तीन आठवडे मी ह्याच वहीत लिहितेय की ह्यांना आखणीची ओढ आहे.

मग ते रडले. मीही. तेवढ्यात बेल वाजली. डबा न्यायला आलेला माणूस. ह्यांनी भिंतीला धरत जाऊन दार उघडलं आणि म्हणाले, "नाही द्यायचा. आम्हाला त्याचं काम आहे." त्याने फोनवर काहीतरी टिपलं आणि गेला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

वसईतल्या डॉक्टरीणबाईंकडे. रिक्षात ह्यांनी माझा हात सोडला नाही, म्हणजे मी पळून जाईन असं वाटलं की काय! वाटण्यासारखंच आहे.

त्यांनी नाडी धरली आणि घड्याळाकडे बघताना भुवया वर गेल्या. गळा चाचपला, पाणी गिळायला लावलं. हात पुढे धरायला सांगून त्यावर कागद ठेवला. कागद फडफडला. मग खुर्ची सरकवून डोळे बघितले. थायरॉईड वाढलेलं दिसतंय म्हणाल्या, रक्त आजच द्या, गळ्याची सोनोग्राफी करू, डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही पाठवते. "कॅन्सर?" मी विचारलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "तसं आज काही दिसत नाही, पण गळ्यात गाठ लागतेय, ती तपासल्याशिवाय मी काहीच बोलणार नाही. हृदयावर ताण आलाय. खूप दिवस अंगावर काढलंत तुम्ही."

मग त्या ह्यांच्याकडे वळल्या. हे माझ्या शेजारी बसलेले, शर्ट इस्त्रीचा, मान ताठ. बघणाऱ्याला कळत नाही.

"काका, तुमच्या लक्षात कसं आलं नाही? समोरासमोर बसून जेवता ना रोज? डोळे बघा यांचे. घरच्या माणसाला दिसायला नको?"

हे म्हणाले, "चुकलं माझं."

नुसतं एवढंच. मान खाली घालून. सांगितलं नाही की दिसत नाही म्हणून. मला कळलंच नाही मी कधी उभी राहिले.

"डॉक्टर, ह्यांना दिसत नाही," मी म्हटलं. "कालपर्यंत तीन वर्षं माझं तोंड दिसलं नव्हतं. त्यांनी दहादा विचारलं आणि मी दहादा खोटं बोलले. दिसत नाही ह्याचा फायदा घेतला मी. त्यांना बोलू नका."

बाईंनी पेन खाली ठेवलं. ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग तुम्हाला इथे आणलं कोणी?"

"ह्यांनीच," मी म्हटलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मध्ये दोन दिवस स्टेशनच्या रस्त्यावर पाणी होतं, त्यात रिपोर्ट अडकला. काल मिळाला. थायरॉईड भलतंच वाढलेलं. गोळ्या सुरू झाल्या. गाठीत सुई घालून तपासायचं शनिवारी आहे, आणि त्याचं उत्तर गणपतीनंतर. तोवर काही कळणार नाही. उन्नती उद्या येतेय, रडतच ओरडली फोनवर. कार्मिनने माझ्या नावाने मेणबत्ती लावलीय म्हणे.

डब्याची मुदत गेली. घेण्यासारखा आहे का असं खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, त्यांच्या सासऱ्यांसाठी. मी म्हटलं, जड आहे, दोन तासांत संपतो, चित्रकाम होत नाही. मग म्हटलं, घ्या.

सकाळी हे मला खिडकीत बसवतात आणि डोळे बघतात. काही फरक नाही म्हणतात, खोटं बोलत नाहीत. आज बघून झाल्यावर डबा काढत होते तेव्हा मी म्हटलं, "अहो, मला फार भीती वाटतेय." ह्यांनी डबा तसाच बाजूला ठेवला आणि मला जवळ घेतलं. म्हणाले, "मलाही." बराच वेळ तसेच बसलो होतो, दूध उतू गेलं तरी.

भीती वाटतेय हे आज पहिल्यांदा ह्या वहीत लिहायच्या आधी मी ह्यांना सांगितलं.